खिशातला चाकू आणि पावसाळ्याचे चार महिने



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्याला वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून या व्यासपीठावर राज्यकारभार, धर्म, इतिहास आणि अर्थशास्त्र असे भारदस्त विषय येत आले आहेत. घडीचा चाकू घरी कसा ठेवावा, हा विषय त्या मालिकेत जरा अंग चोरूनच बसणार. चालकांनाही ते जाणवले असावे, कारण पत्रिकेवर त्यांनी 'घरगुती लोहवस्तूंचे जतन' असे सभ्य नाव छापले आहे. नाव चांगले आहे, पण आज मी बोलणार आहे ते चाकूवरच. माझा जन्म कामगारांत काम करण्यात गेला. माझ्याजवळ असलेले दीडशेच्या आसपास चाकू मला त्याच कामाने दिले. बहुतेक सगळे निवृत्त होणाऱ्या माणसांनी दिलेले. कुणी म्हणाले, "आता काय करायचाय, ठेवा तुमच्याकडे." कुणाच्या मुलाने वडील गेल्यावर आणून दिला. दुकानातून मी विकत घेतलेले पाच-सहाच निघतील.

आपल्याकडे चाकू म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा रामपुरी येतो. ही सिनेमाची करणी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी उत्तम कमानीचे चाकू केले, आणि चित्रपटांनी ते खलनायकाच्या हातात दिले. त्यामुळे एका गावचे नाव गुन्ह्याला चिकटले. खरा खिशातला चाकू याहून फार गरीब आणि फार जुना आहे. बोरूने लिहिणाऱ्या कारकुनाच्या कमरेला कलमतराश असे. बोरूचे टोक झिजले की छाटायचे, मध्ये चीर द्यायची, पुन्हा लिहायचे. आपल्या दप्तरखान्यांतला मोडीचा एकेक कागद अशा एखाद्या लहान पात्याचा ऋणी आहे. पुढे टाक आले, पेन्सिली आल्या आणि शेफील्डचे विलायती चाकू आले. जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या घराण्याची तारा आणि क्रूस ही निशाणी १७६४ सालची. ती पात्याच्या मुळाशी भिंगाने पाहिली तर अजून वाचता येते. आमच्या भागातला चाकू मात्र बहुधा गावच्या लोहाराचा, नाहीतर कारखान्यातल्या माणसाने स्वतः घडवलेला.

हा दुसरा प्रकार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. यंत्रावरच्या करवतीचे पाते तुटले की त्याचा तुकडा भंगारात जातो. पण ते पोलाद असते अव्वल दर्जाचे. जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरवर त्याला आकार द्यायचा, दोन्ही बाजूंना पितळी पत्रा लावायचा, वर शिसवीची किंवा फायबरची मूठ बसवायची आणि तीन खिळे ठोकायचे. हा तुकडा भंगाराच्या ढिगातून फाटकाबाहेर कसा आला, हे विचारायचे नसते. मी युनियनचा माणूस असल्यामुळे ते मी तर मुळीच विचारले नाही. अशा चाकूवर मार्का नसतो, गावाचे नाव नसते. पण ज्याला हात ओळखता येतो तो खिळ्याचे डोके बघून सांगतो की हा फिटरचा आहे की टर्नरचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला. तेव्हापासून आपल्या या कृष्णाकाठी नांगराबरोबर हातांचीही एक शाळा उघडली. त्या शाळेच्या परीक्षेचे पेपर कुणी जपले नाहीत. हे चाकू म्हणजे ते पेपर, असे मी समजतो.

आता समोरच आगाशिवाचा डोंगर आहे. तिथली बौद्ध लेणी दोन हजार वर्षांच्या आसपासची. दिवा तिरका धरला तर भिंतींवर छिन्नीचे घाव एकाखाली एक दिसतात. मारणाऱ्याचा हात उजवा होता की डावा, हेही काही ठिकाणी कळते. पण ज्या छिन्न्यांनी हे केले त्या कुठे गेल्या? झिजल्या, पुन्हा भट्टीत गेल्या, उरल्या त्यांची माती झाली. दगडावरचा घाव टिकतो आणि घाव घालणारे लोखंड टिकत नाही. लोखंडाचा स्वभावच असा आहे की त्याला पुन्हा खनिज व्हायचे असते. भट्टीत कोळसा जाळून आपण त्याच्यापासून जो प्राणवायू तोडून काढलेला असतो, तो परत मिळवायला ते टपलेले असते. त्याला मध्यस्थ लागतो तो फक्त पाण्याचा. दिल्लीच्या लोहस्तंभाचे काय, असे कुणीतरी विचारणारच. त्याच्या लोखंडात स्फुरद जास्त आहे, त्याने वर एक पातळ कवच धरले आहे, आणि दिल्लीची हवा बरीचशी कोरडी आहे. आपले चाकू त्या पोलादाचे नाहीत आणि आपण दिल्लीला राहत नाही.

मलकापूरचे नाव महाराष्ट्रात झाले ते चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून. त्याचा मला अभिमान आहे. परंतु आजच्या विषयापुरते पाणी हाच आपला शत्रू आहे. इथे महाबळेश्वरसारखा पाऊस नाही हे खरे. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरतात, मीठ पाझरते, काडेपेटीची काडी ओढता ओढत नाही. हवेतल्या ओलाव्याचे प्रमाण शेकडा साठ-पासष्टच्या वर गेले की उघड्या लोखंडावर गंजाचा वेग झपाट्याने वाढतो, आणि पावसाळ्यात आपल्या घरात ते आठवडेच्या आठवडे त्याच्या वरच असते. पात्यावर मीठ असेल तर याहून कमी ओलाव्यातही गंज धरतो. हे मीठ कुठून येते? आपल्याच हातातून. यंत्रशाळेत तपासणी खात्यात काम केलेल्यांना ठाऊक आहे की काही माणसांच्या घामाने मापाची हत्यारे एका रात्रीत तांबूस होतात. अशा माणसाला त्या टेबलावर बसवीत नाहीत. यात त्याचा दोष काहीच नसतो. मी एकदा अशाच एका कामगाराची बदली दुसऱ्या विभागात पगार न घटवता व्हावी म्हणून भांडलो होतो. व्यवस्थापकांना वाटले मी घामावरही मागणीपत्रक काढतो आहे.

टूलरूममध्ये स्लिप गेज नावाचे मापाचे चौकोनी ठोकळे असतात. ते मऊ चामड्याने किंवा सुती फडक्याने धरतात, काम झाले की पुसतात, वर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवतात आणि मग पेटीत ठेवतात. चाकूची सगळी विद्या या चार क्रियांत आहे. पाहुण्याला चाकू दाखवला, त्याने पात्यावर अंगठा फिरवला, 'वा वा' म्हटले आणि तुम्ही तो तसाच पेटीत ठेवला, की पंधरा दिवसांनी त्या अंगठ्याचा ठसा पात्यावर तांबड्या रेषांनी उमटतो. पोलीस खात्याला सुद्धा इतका स्वच्छ ठसा मिळायचा नाही.

तेल कोणते लावावे, यावर घरोघर वाद आहेत. आपल्याकडे हाताशी असते ते शेंगदाण्याचे, खोबऱ्याचे आणि करडईचे. ही तिन्ही खाण्याची तेले आहेत, ती तिथेच राहू द्या. खोबरेल खवट होते आणि खवट तेलात आम्ल येते. करडईचे तेल तर हवेत सुकून चिकट पापुद्रा धरते. त्या पापुद्र्यात धूळ बसते, सांधा घट्ट होतो, आणि मग जोर लावून उघडताना बोट कापते. शिवणयंत्राचे तेल हे खनिज तेल आहे, ते विटत नाही. सांध्यात त्याचा एक थेंब आणि पात्यावर पुसट हात पुरे. व्हॅसलिनही चालेल. चाकू तेलात बुडवून ठेवणाऱ्यांची मला भीती वाटते, कारण लाकडाची किंवा शिंगाची मूठ तेल पिऊन फुगते आणि काळी पडते.

यापुढचा भाग जरा नीट ऐका, कारण यात पुष्कळांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे. नवा चाकू घेताना चामड्याचे म्यान मिळाले की आपल्याला आनंद होतो, आणि चाकू आपण त्या म्यानातच ठेवून देतो. कमरेला लावून शेतात जायला म्यान उत्तम. पण वर्षानुवर्षे ठेवायला त्यासारखी वाईट जागा नाही. चामडे कमावताना त्यात आम्ले आणि क्षार मुरलेले असतात आणि चामडे हवेतली ओल धरते. म्हणजे आपण पात्याला ओला, खारट अंगरखा घालून ट्रंकेत कोंडतो. स्टेनलेस पातेसुद्धा यातून सुटत नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली क्रोमियमचे पोलाद केले तेव्हापासून लोकांची समजूत झाली आहे की त्याला गंज चढतच नाही. डाग कमी पडतो, एवढेच. म्यानात दोन पावसाळे काढलेल्या स्टेनलेस पात्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोके मी दाखवू शकतो. म्यान वेगळे ठेवा, चाकू वेगळा ठेवा.

वर्तमानपत्राचा कागदही नको, तो आम्लधर्मी असतो. लोकरीत आणि रबरात गंधक असते. त्याने पितळ आणि चांदी काळी पडते, म्हणून रबरबँड लावून जुड्या बांधू नयेत. धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचा किंवा सुती लुगड्याचा तुकडा यासारखे वेष्टण नाही. बेअरिंग ज्या तपकिरी, मेणचट कागदात गुंडाळून येते तो कागद मिळाला तर नुसत्या पोलादी चाकूंना तो फार चांगला. कारखान्यात तो पायदळी पडलेला असतो.

आणि सेल्युलॉइड. जुन्या चाकूंच्या मुठी हस्तिदंतासारख्या, कासवाच्या पाठीसारख्या किंवा शिंपल्यासारख्या झळकताना दिसतात त्या पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात. हा पदार्थ कापूस, नत्राम्ल आणि कापूर यांपासून होतो. अंगठ्याने जोरात घासून लगेच हुंगले तर कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याची पद्धत काही लोक सांगतात. ती चुकूनही करू नका, कारण हा पदार्थ काडीसारखा पेट घेतो. जुन्या चित्रपटांच्या फिती याच जातीच्या. पुण्याला २००३ च्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा फितींना आग लागली आणि कित्येक जुने चित्रपट गेले. चाकूच्या मुठीतला ऐवज इतका मोठा नसतो, पण स्वभाव तोच. जुनी झालेली मूठ आतून विटू लागते. तिला बारीक चौकोनी भेगा पडतात, खडीसाखरेसारखी ती भुरभुरते आणि तिच्यातून आम्लाची वाफ सुटते. ही वाफ तिचे स्वतःचे पाते खाते, आणि त्याच डब्यात असलेल्या शेजाऱ्यांचीही पाती खाते. डब्यात वीस चाकू आहेत, सगळ्यांना सारखे तेल लावले आहे, आणि एकाच कोपऱ्यातले चार-पाच गंजले आहेत, असे दिसले की गंजलेल्यांना दोष देऊ नका. त्यांच्यामध्ये कोण बसला आहे ते पाहा. माझ्याकडच्या एका पेटीत हा प्रकार झाला तेव्हा गुन्हेगार निघाला तो सर्वांत देखणा, मोतिया मुठीचा चाकू. त्याला मी आता वेगळा, पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या खोक्यात, भिंतीवरच्या वाऱ्याच्या फळीवर ठेवतो. सेल्युलॉइडला हवाबंद डबा नको, त्याची वाफ बाहेर गेली पाहिजे. बाकीच्यांना मात्र झाकण घट्ट बसणारा डबाच हवा. एकाच घरात दोघांचा कायदा उलटा, हे लक्षात ठेवावे लागते.

डबा ठेवायचा कुठे? स्वयंपाकघरात नको, तिथे वाफ आणि मीठ दोन्ही. न्हाणीला लागून नको. पश्चिमेच्या, पाऊस मारणाऱ्या भिंतीला टेकवून नको. माळ्यावर कौलातून एखादा थेंब पडला तर कळतसुद्धा नाही. पलंगाखाली फरशीवर ठेवायचा असेल तर खाली दोन विटा किंवा लाकडी पाटली द्या. आतल्या भिंतीचे लोखंडी कपाट सर्वांत बरे. डब्यात सिलिका जेलचे दाणे कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. निळ्या दाण्यांना ओल लागली की ते गुलाबी होतात. मग ते जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करा, पुन्हा निळे होतील. तो तवा नंतर भाकरीला वापरू नका. थोड्या पैशांत चालणारे हे यंत्र आहे, पण ते दर महिन्याला पाहावे लागते. ठेवून विसरून गेलेली पुरचुंडी ओल पिऊन तशीच ओली बसते.

या कामाला मुहूर्त आहे. कुरडया-पापड वाळतात तेच दिवस चाकूंचेही. आज आपण ज्या वैशाखी हवेत बसलो आहोत ती हवा डब्यात भरून घ्यायची आहे. मृग लागण्यापूर्वी एका कोरड्या दुपारी सगळे चाकू उघडून पुसा, तेल द्या, मिटा आणि झाकण लावा. पहिल्या सरीनंतर डबा उघडून बसलात तर ओली हवा आत कोंडाल. चाकू पूर्ण मिटूनच ठेवावा. अर्धवट उघड्या पात्यापाशी कमानीवर सर्वांत जास्त ताण असतो, आणि अंधारात हात घालणाऱ्या पोरालाही तेच पाते आधी भेटते.

दसऱ्याविषयी बोलले पाहिजे. खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो. कारखान्यात यंत्रापुढे नारळ फुटतो, घरी विळी-कोयत्यांना हळदकुंकू लागते, झेंडू वाहतात. हा कामगारांचा खरा सण आहे आणि त्यात पुरोहिताची गरज नसते, म्हणून मला तो विशेष आवडतो. पण पाण्यात कालवलेले हळदकुंकू, ओली फुले, नारळाचे पाणी आणि अक्षता पात्यावर रात्रभर राहतात, कारण पूजा लगेच मोडायची नसते. दुसऱ्या दिवशी फुले उचलली की खाली पाकळीच्या आकाराचा डाग. माझी युक्ती साधी आहे. पात्याला आधी तेलाचा हात द्यायचा, हळदकुंकू मुठीला आणि कोरडेच लावायचे, फूल डब्यावर ठेवायचे. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईने प्रथम नाक मुरडले. मी म्हटले, देवाला सुद्धा आपण आधी तेल लावतो आणि मग कुंकू. तेव्हापासून तक्रार नाही.

गंज चढलाच तर? चिंच, लिंबू, ताक यांनी आपण पितळेची भांडी लखलखीत करतो, म्हणून चाकूलाही तेच लावतात. आम्ल गंज काढते हे खरे, पण खालचे चांगले पोलादही खाते, आणि सांध्यात शिरले की धुऊन निघत नाही. काचकागद तर मार्का पुसून टाकतो, मग रॉजर्सचा चाकू आणि बाजारातला बिननावाचा सारखेच. रॉकेल किंवा तेच शिवणयंत्राचे तेल लावून एक-दोन दिवस ठेवा, मग बांबूच्या काडीने किंवा तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलके खरवडा. जेवढे सुटेल तेवढे सुटू द्या. पात्यावर जी निळसर करडी छटा वापराने येते ती गंज नव्हे. कांदा, आंबा, पेरू कापून कापून ती आलेली असते, ती घासून काढू नये. मुठीच्या आत गंज असेल तर मात्र जाणत्याला दाखवा, कारण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो आणि आतून मूठ तडकवतो.

थोडे कायद्याविषयी. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी लोकांना निःशस्त्र केले, तो जाऊन १९५९ चा कायदा आला. त्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे माप दिले आहे, आणि घरगुती, शेतीची व धंद्याची हत्यारे वेगळी काढली आहेत. आपला पेरू कापायचा चाकू त्यात येत नाही. कुठे कुठे बटणाच्या, झटक्याने उघडणाऱ्या चाकूवर जास्त निर्बंध आहेत, म्हणून असा चाकू असेल तर वकिलाला विचारून घ्यावे. मुठी हस्तिदंताच्या किंवा सांबरशिंगाच्या असतील तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. त्यांची खरेदी-विक्री करू नये, आणि ताब्याविषयी वनखात्याकडे चौकशी करावी.

पण कायद्याची खरी गाठ पडते ती घराबाहेर. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली जमावबंदीसारखे हुकूम निघतात, त्यांत काठ्या, दगड, हत्यारे बाळगायची मनाई असते. कामगाराच्या डब्याच्या पिशवीत कांदा कापायला चाकू असतोच. पाळी सुटते, तो तसाच मोर्चात येतो. पिशवीत सकाळी जे हत्यार होते तेच दुपारी शस्त्र होते. झडतीत सापडला की वर्तमानपत्रात छापून येते, 'मोर्चेकऱ्यांकडून शस्त्रे जप्त'. मग मागणी राहते बाजूला. म्हणून आमच्या प्रत्येक मोर्चापूर्वी एक मोठे घमेले फाटकाशी ठेवलेले असे आणि स्वयंसेवक सांगत, खिसे रिकामे करा. चाकू, अडकित्ते, पाने, स्क्रू-ड्रायव्हर सगळे त्यात. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची आणि संध्याकाळी ओळखून परत द्यायचे. माझा संग्रह खरा सुरू झाला तो या घमेल्यातून. चोरीने नव्हे! चिठ्ठ्या बांधता बांधता मला दिसले की दोनशे चाकूंत दोन सारखे नाहीत.

ती चिठ्ठीची सवय मी संग्रहातही ठेवली आहे. प्रत्येक चाकूला सुती दोऱ्याने क्रमांक बांधलेला, आणि एका वहीत क्रमांकासमोर लिहिलेले: कुणाचा, गाव कोणते, काम काय करी, कशापासून केला, पात्याची लांबी, मूठ कशाची, कुणाकडून आला. शेजारी छायाचित्र. पात्यावर काही कोरायचे नाही, रंगाने लिहायचे नाही. चोरी झाली तर पोलिसांना सांगायला ही वही उपयोगी. परंतु चोर फार थोडे येतात. संग्रह जातो तो घरच्यांच्या हातून, आणि तेही वाईट हेतूने नव्हे. एक जुना फिटर मला माहीत होता. चाळीस वर्षांत त्याने स्वतः केलेले आणि मित्रांनी दिलेले साठ-सत्तर चाकू बिस्किटांच्या डब्यांत ठेवले होते. तो गेला. तेराव्यानंतर घर आवरले, आणि भंगारवाल्याने डबे किलोवर नेले. मुलगा चांगला, शिकलेला. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. बापाने एका कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या तर त्याने ते जिवापाड जपले असते. मी दुसऱ्या दिवशी भंगाराच्या दुकानात गेलो. तीन चाकू मिळाले, बाकीचा ढीग गाडीवर चढून गेला होता. त्या तिघांपुढे माझ्या वहीत 'कुणी केला' हा रकाना रिकामा आहे, कारण सांगणारा उरला नाही.

याच्या उलट उदाहरण पुण्याचे. दिनकर गंगाधर केळकर, कवी अज्ञातवासी, यांचे चष्म्याचे दुकान होते. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, दौती, कुलुपे, आणि अडकित्ते. अडकित्ता म्हणजे दोन पात्यांचा चाकूच की. त्याचे मोर, घोडे, जोडपी असे किती आकार आपल्या लोहारांनी आणि तांबटांनी केले, हे त्यांच्या संग्रहामुळे आज दिसते. लोक ज्याला मोड म्हणत ते ते घरी आणीत, आणि पत्नी कमलाबाई ते घरात सांभाळीत. संग्रह घर भरून उतू गेला. लहानपणी गेलेल्या एकुलत्या मुलाच्या नावाने त्यांनी राजा केळकर संग्रहालय केले आणि १९७५ साली ते सरकारच्या स्वाधीन केले. स्वतः १९९० पर्यंत जगले. एवढ्या हजारो वस्तू टिकल्या त्या श्रीमंतीने नव्हे. जमवणाऱ्याने हयातीतच ठरवले होते की माझ्यामागे हे कुणाकडे जाईल.

आपल्या जिल्ह्यातही औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संग्रहालय उभे केले आहे. सातारच्या संग्रहालयात २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखे आली, तेव्हा केवढी रांग लागली होती! ती महाराजांचीच का, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि लंडनच्या संग्रहालयानेही तसा दावा केलेला नाही. तरी पहारा, काच, दिवे यांत काही उणे नव्हते. मी रांगेत उभा राहून पाहून आलो. मला त्या पोलादाची प्रकृती उत्तम वाटली. कुणीतरी दोनशे वर्षे ते पुसले असले पाहिजे.

माझ्या चाकूंचे म्हणाल तर वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवले आहे. घरच्यांना हवे असतील तर त्यांनी वहीसकट ठेवावेत. नको असतील तर ज्यांची नावे आहेत त्यांच्या नातवंडांना आधी विचारावे, आणि उरलेले एखाद्या तंत्रशाळेला द्यावेत, जिथे पोरांना खिळा कसा बसवला आहे हे हातात घेऊन बघता येईल. किलोवर देऊ नयेत. खाली सही आणि दोन साक्षीदार.

चालकांनी मला सांगितले आहे की काही मंडळी आपापले चाकू दाखवायला घेऊन आली आहेत. ते इथे गर्दीत उघडू नयेत. मुले पुढेच बसली आहेत. व्याख्यान संपल्यावर बाहेरच्या ओसरीवर टेबल मांडले आहे. तेलाची बाटली, सुती फडकी आणि भिंग ठेवले आहे. एकेकाने यावे. ज्यांच्या मुठीला कापराचा वास येत असेल त्यांनी रांगेत पहिले उभे राहावे.